परसदारी : वाफ्यांमधली वाट

बोरी अरबहून एका भगिनींचे पत्र आले आहे. दारव्हा तालुक्यातले हे अडाण नदीकाठचे गाव. जमीन काळी, कापसाची. घरामागे तीस फूट लांब आणि वीस फूट रुंद अशी त्यांची सांदवाडी आहे. (आम्ही पुण्या-मुंबईकडची मंडळी तिलाच परसबाग म्हणतो.) दरवर्षी मृगाचा पाऊस पडला की त्या वाफे करतात, भेंडी, गवार, चवळी लावतात. आषाढापर्यंत सारे ठीक असते. श्रावणात मात्र वाफ्यांमधल्या वाटेवर पाऊल टाकले की चप्पल चिखलात राहते आणि पाय तेवढा वर येतो. भाद्रपदात वाट दिसतच नाही, गवत दिसते. यंदा सासूबाई गवारीच्या शेंगा तोडायला गेल्या आणि घसरल्या. हाड मोडले नाही एवढेच नशीब. तेव्हापासून घरात एकच सूर लागला आहे, ‘पुरे झाली ही बाग!’ पत्राच्या शेवटी भगिनी विचारतात, ‘बाग बंद करू, की वाटेवर सिमेंट ओतू?’

दोन्ही नको, ताई. सिमेंट तर मुळीच नको, आणि ते का, हे पुढे सांगतोच.

आपल्याकडे परसबागेचा विचार होतो तो वाफ्यांचा. बियाणे कोणते, खत किती, कीड पडली तर काय, हे सारे आपण दहा जणांना विचारतो. वाट म्हणजे वाफे करून उरलेली जागा, असा आपला समज. ती उरलेली जागा किती, याचा हिशेब एकदा करून पाहावा. या तीस बाय वीसच्या जागेत वीस फुटांच्या बाजूला तीन फुटांची एक मोठी वाट सोडली, तर वाफ्यांना सतरा फूट लांबी मिळते. चार फूट रुंदीचे पाच वाफे, त्यांच्यामध्ये दीड-दीड फुटाच्या चार वाटा, आणि दोन्ही कडांना दोन-दोन फूट. झाले तीस फूट. भाजीखाली आली ३४० चौरस फूट जागा आणि चालण्याखाली २६०! म्हणजे दहातले चार हिस्से जमीन आपण तणाला आंदण देतो, आणि मग निंदण करून करून कंबर मोडली म्हणून बागेला बोल लावतो.

वाफा चार फुटांहून रुंद नसावा, कारण दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे. वाफ्यात पाय पडता कामा नये. वाट दीड फुटाची असली तर एक माणूस घमेले घेऊन नीट जातो. घरात काठी टेकून चालणारे कुणी असेल तर मात्र दोन फूट ठेवावी. एखादी भेंडीची ओळ कमी झाली तरी चालेल.

आता या काळ्या मातीची गोष्ट. पुण्याच्या टेकडीवरच्या मुरमाड जमिनीचे उपाय इथे जसेच्या तसे चालत नाहीत. काळ्या मातीतली चिकण फार बारीक, आणि तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचे एक खनिज असते. ते पाणी प्यायले की फुगते आणि वाळले की आकसते. म्हणून पावसाळ्यात ही माती लोण्यासारखी, आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा. घराच्या भिंतींना तडे जातात ते याच फुगण्या-आकसण्याने. म्हणून तर जाणते गवंडी पायाखालची काळी माती काढून तिथे मुरूम भरतात. वाटेवर दोन इंच सिमेंट ओतले तर दोन उन्हाळ्यांत त्याचे तुकडे होतात. फटीतून हराळी डोके काढते, आणि ती उपटायला तिथे खुरपेही चालत नाही.

यवतमाळकडच्या शेतकऱ्याला यावरचा इलाज ठाऊक आहे. त्याने तो शेतात केला आहे, घरामागे मात्र आणलेला नाही. सोयाबीनसाठी कृषी खाते ‘रुंद वरंबा सरी’ पद्धत सांगते. तिची घडण हैदराबादजवळच्या पाटणचेरूला, १९७२ साली स्थापन झालेल्या इक्रिसॅट या संस्थेत, अशाच काळ्या जमिनीसाठी झाली. सुमारे एक मीटर रुंदीचा उंच वरंबा आणि शेजारी अर्ध्या मीटरची सरी. पाऊस जास्त झाला तर जादा पाणी सरीतून निघून जाते. पावसाने ओढ दिली तर सरीत मुरलेला ओलावा पिकाला पुरतो. आपला वाफा म्हणजे तो वरंबा आणि आपली वाट म्हणजे ती सरी. फरक एवढाच, की सरीतून माणूस चालत नाही आणि वाटेतून चालतो. म्हणून ही सरी भरून घ्यायची.

ती अशी. वाटेच्या जागी सुतळी लावून चर खणावा. वरच्या टोकाला सहा इंच, खालच्या टोकाला आठ. सतरा फुटांत दोन इंच उतार पुष्कळ झाला. निघालेली माती दोन्ही बाजूंच्या वाफ्यांवर टाकावी. वाफे आपोआप उंच होतात आणि त्यांच्या मुळांशी पाणी साचत नाही. चराचे खालचे तोंड बाहेर काढून द्यायला विसरू नये. ते बुजले तर वाट नव्हे, डबके तयार होईल. चराच्या तळाशी तुराट्यांचे बोटभर तुकडे चार इंच घालावेत, वर सोयाबीनचे कुटार, पालापाचोळा, वाळके गवत, जे मिळेल ते पायाने दाबून वाफ्याच्या काठाशी येईल इतके. पाऊस पडला की पाणी या भरावाखालून वाहते आणि पाय वर कोरडा राहतो. उजेड न मिळाल्याने गवताचे बी उगवत नाही. चुकून उगवलेच तर ते भरावात रुजलेले असते, दोन बोटांनी निघते.

पुष्कळांना शंका येते, की हा काडीकचरा कुजताना भाजीचे नत्र ओढून घेईल. काडीकचरा मातीत मिसळला तर ते खरे आहे. वाटेत नुसता पडून राहिला तर वाफ्याला काही होत नाही. उलट वर्षभराने तळाशी काळे, भुसभुशीत खत मिळते. मृगाच्या आधी ते उचलून वाफ्यावर टाकावे आणि वाट पुन्हा भरावी. श्री. अ. दाभोळकर आणि त्यांच्या प्रयोग परिवाराने ज्या पालापाचोळ्याची माती करायला महाराष्ट्राला शिकवले, तीच ही विद्या. फक्त इथे ती पायाखाली चालते. मेहनत वर्षातून दोनदा, एकेक सकाळ.

विहिरीच्या किंवा नळाच्या पाण्यासाठी मात्र ही वाट वापरू नये. आपल्या बायाबापड्या दांडातूनच चालतात आणि मग चिखल झाला म्हणतात. पाण्याचा दांड वाफ्याच्या मधोमध, बोटभर खोल. माणसाची वाट वेगळी.

आता दुसरे पर्याय. मुरूम चांगला, पण थेट काळ्या मातीवर टाकला तर पहिल्याच पावसाळ्यात निम्मा गडप होतो. आधी विटांचे तुकडे किंवा दगडाचे रोडे ठोकून बसवावेत आणि त्यावर तीन इंच मुरूम. सगळ्या २६० फुटांना पाऊण ब्रासच्या आत लागतो. खर्चाचे मानले तर निदान तीन फुटांच्या मोठ्या वाटेला तो जरूर करावा, कारण तिथे वर्दळ जास्त. शहाबादी फरशी दिसायला देखणी. परंतु पावसात तिच्यावर शेवाळ धरते, आणि वैशाखात पारा ४५ च्या घरात गेला की तिची धग शेजारच्या रोपांना लागते. सासूबाई एकदा घसरल्या आहेत, तिथे फरशी नकोच. खताच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या गोण्या अंथरण्याची टूम अलीकडे निघाली आहे. उन्हाने वर्षा-दोन वर्षांत त्यांचे दोरे सुटतात आणि ते मातीतून वेचून काढणे हा जन्माचा उद्योग होऊन बसतो. जुने तागाचे बारदान मिळाले तर ते घालावे, ते निदान कुजते तरी.

आणि एक पर्याय असा आहे, की जो मला लिहायलासुद्धा नको वाटतो. पण बाजारात तोच सर्वांत सोपा म्हणून मिळतो. वाटेवर तणनाशक मारायचे. यवतमाळ जिल्ह्याला फवारणीबद्दल कुणी नव्याने सांगावे असे नाही. २०१७ च्या पावसाळ्यात याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ती कीटकनाशके होती, तणनाशक नव्हे, हे खरे. पण पंप तोच, हात तेच, आणि घरामागे तर तोंडाला रुमालसुद्धा कुणी बांधत नाही. ग्लायफोसेट या तणनाशकाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली ‘बहुधा कर्करोगकारक’ या वर्गात टाकले. २०२२ साली केंद्र सरकारने ते फक्त कीडनियंत्रण व्यावसायिकांकडूनच वापरले जावे असा आदेश काढला. टू-फोर-डी या दुसऱ्या औषधाचा नुसता वारा लागला तरी टोमॅटोची आणि कपाशीची पाने वेडीवाकडी होतात. ज्या वाटेवर नातवंडे अनवाणी धावतात आणि जिच्या कडेची कोथिंबीर तासाभरात आमटीत पडते, तिच्यावर हे का मारावे?

काही तणे भरावाला दाद देत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. लव्हाळ्याच्या गाठी खोल असतात आणि त्याचे कोंब कुटारच काय, प्लॅस्टिकही भोसकून वर येतात. तो असेल तर चर खणल्यावर गाठी वेचून उन्हात कडकडीत वाळवाव्यात, मगच वाट भरावी. हराळीचे धावते कोंबही तसेच मुळासकट काढावेत. गाजर गवत १९५५ च्या सुमारास प्रथम पुण्यात दिसले आणि बघता बघता देशभर पसरले. ते फुलावर येण्यापूर्वी हाताला फडके गुंडाळून उपटावे, कारण त्याने अंगाला खाज सुटते. तरोटा आणि घोळ उगवली तर मात्र रागावू नये. कोवळी असताना दोहोंची भाजी होते, आणि वऱ्हाडात ती कशी करायची हे मी सांगायला नको.

पऱ्हाटीबद्दल एक इशारा. ती यवतमाळात हवी तेवढी मिळते, परंतु तिच्या वाळक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते. अख्खी पऱ्हाटी घराशी रचून ठेवली तर शेजाऱ्याच्या पुढच्या कपाशीला आपण घरबसल्या अळी पुरवतो. बोंडे काढून, बारीक तुकडे करून, पुरल्यासारखी तळाशी घातली तरच ती वापरावी. वाळवीला लाकूडकाडी आवडते, म्हणून घराच्या भिंतीपासून दोन-तीन फूट जागा मोकळी ठेवावी. भरावात विंचू बसण्याचीही भीती असते. तेव्हा संध्याकाळी बत्ती घेतल्याशिवाय वाटेवर जाऊ नये आणि भराव उचलताना हाताऐवजी दाताळे वापरावे.

शहरातल्या वाचकांना तुराटी कुठून मिळायची? नागपुरात, पुण्यात रस्त्याकडेच्या झाडांचा पाला पोत्याने मिळतो. रसवंतीवाल्याकडची उसाची चिपाडे चार दिवस वाळवून घातली तर उत्तम. कोकणात नारळाची सोडणे, भंडारा-गोंदियाकडे भाताचे तूस. सुताराकडचा भुसा घ्यावा, पण प्लायवूडचा नव्हे. त्यात सरस असतो.

हे सारे दिवाळीच्या अंकात लिहिण्याचे कारण असे, की काळी जमीन आता वाफशावर आहे. आज कुदळ सहज लागते. माघात त्याच जागी टिकाव उसळतो. सोयाबीनची मळणीही याच सुमारास उरकते आणि खळ्याखळ्यावर कुटाराचे ढीग लागलेले असतात. चांगले कुटार गुरांच्या तोंडचे आहे, ते मागू नये. परतीच्या पावसात भिजून बुरसलेले, बैल तोंड लावणार नाही असे कुटार विचारावे. शेतकरी ते फुकट देतो, आणि बैलगाडी रिकामी असेल तर दारातही आणून टाकतो.