एकवीस दिवसांचे वेड

विदर्भातल्या खेड्यांत कोंबडी खुडूक झाली की तिला अंड्यांवर बसवणे हे घरातल्या बाईचे नेहमीचे काम असे. टोपलीत तणस, वर दहा-बारा अंडी, त्यावर कोंबडी आणि सांदवाडीतला एखादा अंधारा कोपरा. त्याला छंद कोणी म्हणत नसे. आता हीच खुडूक कोंबडी विजेच्या प्लगवर चालू लागली आहे. ऑनलाइन मागवलेले छोटे उबवणी यंत्र, नाहीतर थर्माकोलचा डबा, एक बल्ब आणि थर्मोस्टॅट एवढ्या सामानावर नागपुरातल्या गच्चीवर किंवा मागच्या खोलीत गावरान, कडकनाथ, बटेर यांची पिल्ले निघतात. पहिली बॅच बहुधा मुलांना दाखवण्यासाठी असते. दुसरी पहिलीत फक्त तीनच पिल्ले निघाली म्हणून. तिसऱ्या बॅचपासून कारण शोधावे लागत नाही.

या छंदाची ओढ समजून घ्यायची तर अंड्यात काय घडते ते पाहावे लागते. (दुकानातल्या पांढऱ्या अंड्यांतून काही निघत नाही. लेअर फार्मवर कोंबडाच नसल्याने ती अंडी फळलेली नसतात.) फळलेल्या अंड्याला साडेसदतीस अंशांच्या आसपास ऊब मिळाली की दुसऱ्याच दिवशी हृदय धडधडू लागते. चौथ्या-पाचव्या दिवशी अंधारात अंड्यामागे टॉर्च धरला की कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल रक्तवाहिन्या आणि मध्ये हलणारा ठिपका दिसतो. अ‍ॅरिस्टॉटलने हाच क्रम रोज एकेक अंडे फोडून पाहिला होता. आज मोबाइलच्या उजेडात तो अंडे न फोडता दिसतो. अठराव्या दिवसापर्यंत अंडी फिरवायची, मग हात लावायचा नाही, ओलावा वाढवायचा. विसाव्या दिवशी कवचाच्या आतून चिवचिव ऐकू येते. त्या रात्री घरात कोणी नीट झोपत नाही.

याला व्यसन म्हणावे का? वैद्यकशास्त्राच्या काटेकोर अर्थाने नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात वर्तनाची व्यसने म्हणून नाव घेऊन नोंदलेली दोनच आहेत, जुगार आणि गेमिंग. पण ओढ निर्माण करणारी यंत्रणा त्याच घराण्यातली आहे. बक्षीस दरवेळी ठरल्याप्रमाणे मिळाले तर मेंदू लवकर कंटाळतो. कधी मिळते कधी नाही, असे झाले की तो चिकटून राहतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी हे दाखवले ते कबुतरांवर, हा एक गमतीचा योग. बारा अंड्यांतून कधी नऊ, कधी दोन, कधी एकही पिल्लू नाही, हा हिशेब कबुतराच्या दाण्यांसारखाच आहे. तरीही निवृत्त माणसाला किंवा दिवसभर एकटे राहणाऱ्या गृहिणीला रोज ठरल्या वेळी उठवणारे, कोणाची तरी वाट पाहायला लावणारे काम मिळत असेल, तर त्याला आजार ठरवण्याची घाई करू नये. कर्ज काढून यंत्रे येऊ लागली, झोप उडाली, घरच्यांशी खोटे बोलणे सुरू झाले, तर गोष्ट वेगळी.

नागपूरचा उन्हाळा या छंदाला तसा आपणच लगाम घालतो. यंत्राला ऊब देता येते, थंड करता येत नाही. नवतप्यात बंद खोलीचे तापमान चाळिशी ओलांडते आणि अंड्यातला जीव काही तासांत मरतो. मग लोक यंत्र कूलरजवळ नेतात. पाणी, ओली फरशी आणि घरी जोडलेली उघडी वायर यांचा हा मेळ अंड्यांपेक्षा माणसांना जास्त धोक्याचा आहे.

खरी काळजी संसर्गाची आहे, आणि घरोघरी तीच सर्वांत कमी केली जाते. निरोगी दिसणाऱ्या पिल्लाच्या विष्ठेतही साल्मोनेला जंतू असू शकतात. त्यांनी होतात ते जुलाब, ताप आणि लहान बाळांत कधी रक्तापर्यंत पोचणारा संसर्ग. पक्ष्यांमुळे टायफॉइड मात्र होत नाही, त्याचा जंतू फक्त माणसातून माणसात जातो. त्यामुळे अशा तापात विडाल चाचणीच्या मागे धावण्यात अर्थ नाही. पाच वर्षांखालच्या मुलांनी पिल्ले हातात घेऊ नयेत, हा नियम कठोर वाटतो, कारण फोटो नेमके तेच काढायचे असतात. पण गालाला पिल्लू लावलेले मूल पुढच्या मिनिटाला बोट तोंडात घालते.

दुसरी गोष्ट बर्ड फ्लूची, आणि ती नागपूरकरांना परकी नाही. मार्च २०२४ मध्ये शहरातल्या शासकीय अंडी उबवणी केंद्रात एच५एन१ विषाणू सापडला. ८ हजारांहून अधिक कोंबड्या मारल्या गेल्या, १६ हजारांहून अधिक अंडी नष्ट केली गेली. त्याच वर्षी डिसेंबरात गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूने दगावले. २०२५ च्या सुरुवातीला शेजारच्या छिंदवाड्यात घरातल्या मांजरांत तो आढळला. माणसाला हा आजार क्वचित होतो, पण झाला तर गंभीर होतो. जिथे प्रशिक्षित माणसे आणि कुंपण होते तिथे विषाणू शिरला, तर गच्चीवरच्या जाळीला तो किती जुमानेल? शिवाय लागण झालेल्या जागेपासून एक किलोमीटरच्या आतले सगळे पाळीव पक्षी मारले जातात, घरचे लाडके कोंबडेही.

तिसरा मुद्दा औषधांचा. पिल्लू मलूल झाले की अनेक जण व्हॉट्सअ‍ॅपवर मिळालेल्या सल्ल्यावरून प्रतिजैविकाचे थेंब पाण्यात घालतात. एन्रोफ्लॉक्सॅसिन हे त्यातले नेहमीचे. माणसांना देतात त्या सिप्रोफ्लॉक्सॅसिनचे ते सख्खे भावंड आहे; पिल्लाच्या पोटात ज्या जंतूला त्याची सवय होते, त्याच्यावर घरच्या माणसाचे औषधही चालत नाही. माणसांसाठी शेवटचा आधार असलेले कोलिस्टिन टिकावे म्हणून केंद्र सरकारने २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत त्यावर बंदी घातली. गच्चीवर कोणी तपासायला येत नाही. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यक महाविद्यालय असताना ही घरगुती डॉक्टरकी चालावी, हे या शहराला शोभत नाही.

बंदीने काही साधणार नाही. लोक पक्षी लपवतील आणि मेलेले पक्षी रात्री नाल्यात टाकतील. बदल दवाखान्यातही हवा. ताप-खोकल्याच्या रुग्णाला गेल्या आठवड्यातल्या प्रवासाबद्दल विचारले जाते, घरात पक्षी आहेत का हे क्वचितच. एच५एन१ वरचे ओसेल्टामिव्हिर हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झाले तर सर्वाधिक उपयोगी पडते, आणि तो वेळ एका न विचारलेल्या प्रश्नापायी जातो. डॉक्टरांनी विचारले नाही, तर रुग्णाने आपणहून सांगावे. एकाएकी दोन-चार पक्षी मेले तर त्यांना हात न लावता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. यंत्र स्वयंपाकघरात ठेवू नये, न उबलेली अंडी ओट्याजवळच्या डब्यात न टाकता चुना घालून खोल पुरावीत, आणि पिल्लांना हात लावल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय कोणी जेवायला बसू नये.