बीडच्या माणसाला परगावी बसून जेवता यावं

बीड जिल्हा वर्षभर माणसं बाहेर पाठवत असतो. बारावी नाहीतर पदवी झालेली मुलं-मुली स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासासाठी पुण्याच्या सदाशिव, नारायण आणि नवी पेठेत जातात. तरुण चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत लागतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी या तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. या स्थलांतराची चर्चा झाली की उचल, मजुरीचा दर, क्लासची फी, खोलीचं भाडं यांचा हिशेब मांडला जातो. तिथे गेल्यावर हा माणूस जेवतो कुठे, काय दरात, बसून की उभ्यानं, हा प्रश्न मात्र त्याच्या खाजगी सोयीचा समजून सोडून दिला जातो. माझं म्हणणं असं की तो सार्वजनिक प्रश्न आहे. ज्याच्या कष्टावर आणि पैशावर एखादं शहर किंवा कारखाना चालतो, त्या परगावच्या माणसाला परवडणाऱ्या दरात बसून जेवता येईल अशी जागा देणं ही नळाच्या पाण्याइतकीच त्या शहराची आणि त्या कारखान्याची जबाबदारी आहे.

बाहेर जेवणं ही चैन आहे, अशी आपली जुनी समजूत. ती घर असलेल्या माणसाची समजूत आहे. मुंबईचं गिरणगाव उभं राहिलं ते खानावळींच्या आधारावर. कोकणातून आणि घाटावरून आलेले गडी एका खोलीत पाळीपाळीनं झोपत आणि जेवायला खानावळीत जात. त्या चालवणाऱ्या बहुतेक बायका होत्या. स्वतःच्या चुलीवर पंधरा-वीस मेंबरांचं रांधायचं आणि महिन्याचे पैसे पगाराच्या दिवशी मिळायचे. तोवर किराणा उधारीवर, सावकाराच्या व्याजानं. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली या बायकांना एकत्र करून ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभं केलं आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेव्हा कुठे या कामाला धंदा म्हणून मान्यता मिळाली. त्याआधीच्या कित्येक दशकांत त्यांनी देशातल्या सर्वांत मोठ्या कापड उद्योगांपैकी एकाला जेवू घातलं होतं आणि त्याची नोंद गिरणीच्या कुठल्याही वहीत नव्हती. खानावळीत गड्याला नुसतं पोटभर अन्न मिळत नसे. कुठल्या खात्यात बदली कामगार घेतायत, गावाकडे पाऊस झाला का, कुणाची खोली रिकामी होतेय, हे सगळं पंगतीत कळायचं. आज पेठांतल्या मेसमध्येही हेच चालतं. जाहिरात कधी निघणार, कुठल्या अभ्यासिकेत जागा आहे, हे ताटावरच ठरतं. महिन्याचे पैसे आगाऊ भरायचे, खाडे धरले जातील की नाही याची घासाघीस करायची, रविवारी दुपारी फीस्ट आणि संध्याकाळी मेस बंद, हे वेळापत्रक इथल्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतं. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि मेस बंद झाल्या, तेव्हा खोलीचं भाडं भरूनही ही मुलं शहरात राहू शकेनात. ती ज्या व्यवस्थेवर तगून होती, तिला शहरानं कधी व्यवस्था म्हणून मोजलंच नव्हतं.

इथे आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. खानावळीचा इतिहास सगळाच गोड नाही. पुण्यात आणि इतरत्र जातीच्या नावानं चालणाऱ्या खानावळी होत्या. खेड्यातल्या चहाच्या हॉटेलात दलितांसाठी वेगळी कपबशी ठेवली जाई. कुणीही यावं, टेबलाशी बसावं, पैसे द्यावेत आणि जावं, ही मोकळीक मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांनी रुजवली. हा प्रश्न किती खोल आहे हे राज्यघटनेनं ओळखलं. अनुच्छेद १५ मध्ये भेदभावाला मनाई करताना विहिरी, तलाव आणि रस्त्यांबरोबर दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं आणि हॉटेलं यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. परक्या गावात टेबलाशी बसण्याचा हक्क घटनेत स्वतंत्रपणे लिहावा असं घटनाकारांना वाटलं, ते उगाच नव्हे. पण हक्क कागदावर असून भागत नाही. खिशाला न परवडणाऱ्या हॉटेलात शिरण्याचा हक्क ऊसतोड मजुराच्या किंवा एमपीएससीच्या विद्यार्थ्याच्या काय कामाचा? जात दारात अडवत नसेल, तर दरफलक अडवतो. बाईला तर तिसरीच गोष्ट अडवते. रस्त्याकडेच्या स्वस्त हॉटेलात पुरुषांची गर्दी असते आणि एकटी बाई तिथे निवांत बसून जेवू शकत नाही.

ऊसतोडीच्या टोळीत जेवणाचा सगळा भार बाईवर येतो. पहाटेच्या अंधारात उठून तिनं खोपीपुढे तीन दगडांची चूल पेटवायची, दोन्ही वेळच्या भाकरी थापायच्या, फडात नवऱ्याच्या बरोबरीनं कोयता चालवायचा, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची आणि दुपारी गार भाकरी चटणीशी खायची. पुरुषाला कारखान्यावर गाडी नंबरात लागलेली असताना गेटाबाहेरच्या हॉटेलात निदान वडापाव आणि चहा मिळतो. खरं तर १९४८ च्या कारखाना कायद्यानं २५० पेक्षा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात कँटीन सक्तीचं करण्याची तरतूद केली. पुढे त्यात, जेवणाचा दर ठरवताना काही खर्च धरायचे नाहीत, ते मालकानं सोसायचे, अशीही भर पडली. २०२० च्या कामगार संहितेत ही मर्यादा १०० कामगारांवर आली आणि कंत्राटी कामगारही मोजणीत घेतले गेले. म्हणजे तत्त्व मान्य आहे. तरीही ज्यांच्या तोडीवर गव्हाण चालते ते हजारो हात या मोजणीबाहेर राहतात, कारण ते मुकादमाचे, फडातले, कारखान्याच्या हजेरीपटावर नसलेले.

सरकारनं काहीच केलं नाही असंही नाही. १९९५ साली शिवसेना-भाजप युतीचं सरकार आलं आणि एक रुपयात झुणका-भाकर मिळू लागली. २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन थाळी सुरू झाली. दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात; शहरात थाळीमागे चाळीस रुपये आणि ग्रामीण भागात पंचवीस रुपये सरकार देणार. टाळेबंदीच्या काळात या थाळीनं पुष्कळांना जगवलं, हे मोकळ्या मनानं मान्य केलं पाहिजे. पण ती दुपारच्या ठरावीक तासांत मिळते. पहाटे फडात जाणाऱ्याला आणि दुसऱ्या पाळीच्या कामगाराला ती वेळ गाठता येत नाही. चपाती तीस ग्रॅमची, म्हणजे अंगमेहनतीच्या माणसाला अपुरी. आणि ज्वारीवर वाढलेल्या मराठवाड्याच्या माणसासाठी तिथे भाकरीच नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: झुणका-भाकर केंद्रांचं काय झालं ते आठवा. बरोबर आहे. अनुदान थांबलं आणि मोक्याच्या जागांवरच्या कित्येक टपऱ्यांत भलतेच पदार्थ विकले जाऊ लागले. पण त्यातून धडा काय घ्यायचा? तिथे सरकारनं ताटाला पैसे दिले आणि जागेवरची नजर काढून घेतली. सिंगापूरनं नेमकं उलटं केलं. रस्त्यावरच्या विक्रेत्यांना १९७० च्या दशकात सरकारनं बांधलेल्या केंद्रांत हलवलं. पाणी, सांडपाणी, टेबल-खुर्च्या यांची सोय सरकारनं केली, रांधणं विक्रेत्यांकडेच राहिलं. तिथे मजूर आणि बँकेतला साहेब शेजारी बसून जेवतात, आणि नोकरीनिमित्त गेलेले आपले मराठी तरुणही. २०२० मध्ये युनेस्कोनं या खाद्यसंस्कृतीची मानवतेचा अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद घेतली. इथेही हाच मार्ग धरता येईल. पुण्यात मेस चालवणाऱ्या बाईला सर्वांत जड जातं ते जागेचं भाडं. पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांनी अभ्यासिकांजवळ आणि औद्योगिक पट्ट्यांत ओटे आणि सभागृह बांधून द्यावं, गाळे आधी सध्याच्या मेसवाल्या बायकांना आणि बचत गटांना द्यावेत, पोटभाड्यानं देण्यास मनाई करावी. मग खाजगी मेस बुडतील हा दुसरा आक्षेपही उरत नाही, कारण चालवणारे तेच असतील.

हल्ली आणखी एक युक्तिवाद ऐकू येतो की मोबाइलवर जेवण मागवता येतं, जागा कशाला हवी? जेवण पोचवणारं अॅप अन्न आणून देतं, टेबल आणत नाही. चौघांच्या खोलीत कॉटवर बसून डबा उघडणारा मुलगा आणि तो डबा पोचवून पुलाखाली उभ्यानं खाणारा दुसरा मुलगा पुष्कळदा एकाच जिल्ह्यातले असतात. दोघांनाही बसायला जागा नाही. आणि बीडच्या लोकांसाठी पुणेकरांनी कर का भरावा, असं विचारणाऱ्यांनी पेठांतली भाडी, क्लासच्या फिया आणि चाकणची उत्पादनं कुणाच्या जिवावर उभी आहेत ते पाहावं.

सर्वांत गंभीर आक्षेप बीडमधूनच येतो: जेवणाच्या सोयी मागण्यापेक्षा स्थलांतरच थांबवा. जिल्ह्यात पाणी आणि काम आलं पाहिजे, यात दुमत नाही. बीडला रेल्वे पोचायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडला. बाकीच्या गोष्टींना किती काळ लागेल याचा अंदाज त्यावरून यावा. तोवर दर हंगामात टोळ्या निघणारच. प्रत्येक गळितापूर्वी कारखान्यांना साखर आयुक्तालयाकडून गाळप परवाना घ्यावा लागतो. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळपाच्या दर टनामागे कारखान्यांकडून दहा रुपये घेण्याचं धोरणही ठरलेलं आहे. जिल्ह्याच्या आमदार-खासदारांनी पक्ष बाजूला ठेवून एवढीच मागणी लावून धरावी की परवान्याच्या अटींत आणखी एक अट घालावी: टोळ्यांच्या तळाजवळ पहाटे चारला उघडणारी आणि शेवटची गाडी रिकामी होईपर्यंत चालणारी खानावळ, त्यात ज्वारीची गरम भाकरी, बायकांना निवांत बसता येईल अशी जागा, आणि चालवायला टोळीबरोबर आलेल्या पण कोयता उचलणं आता झेपत नसलेल्या बायका, रोजच्या मजुरीवर.