प्रोसेसरचा पंखा घरी बदलताना



नातेपुत्यात उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा कूलर म्हटले की वाळ्याचा, पाणी ओतायचाच आठवतो. आज आम्ही लिहितोय तो कूलर कॉम्प्युटरच्या डब्यातला आहे. प्रोसेसरवर बसवलेला अॅल्युमिनियमच्या पात्यांचा ठोकळा आणि त्यावरचा छोटा पंखा, एवढेच त्याचे रूप. तो नीट काम करीत नसेल, तर शंभर अंशांच्या आसपास प्रोसेसर स्वतःच गती कमी करतो आणि तरीही तापत राहिला तर मशीन बंद पडते.

आपल्या अनेक घरांत कॉम्प्युटर एकच, तोही जुना घेतलेला. त्यावर मुलीचे प्रवेश अर्ज, इनपेजमध्ये टाइप केलेल्या निकाहच्या पत्रिका, भावाचे हिशेब. पंखा स्वस्त मिळतो, पण तो बदलताना मदरबोर्ड गेला तर त्या जुन्या मॉडेलचा दुसरा शोधत फिरावे लागते. म्हणून काम घरी करा, पण जोर लावून करू नका.

आधी वायर भिंतीतून काढा. सुती कपडे बरे, नायलॉनची ओढणी आणि गालिचा नको. कोरड्या हवेत अंगावर साठलेली वीज सुटे भाग जाळू शकते, म्हणून हात लावण्याआधी डब्याच्या उघड्या पत्र्याला स्पर्श करा.

जुना कूलर काढतानाच जास्त नुकसान होते. जुन्या एएमडी प्रोसेसरच्या पोटाला बारीक पिना असतात. वाळलेली पेस्ट गोंदासारखी चिकटते आणि कूलर सरळ वर ओढला की प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो, पिना वाकतात. त्यासाठी मशीन दहा-पंधरा मिनिटे चालवून पेस्ट ऊबदार करा, मग बंद करून, वायर काढून, पकडी सोडवून कूलर हलकेच डावीकडे-उजवीकडे फिरवा. सुटल्यावरच उचला. इंटेलमध्ये पिना सॉकेटमध्ये असतात, तिथे प्रोसेसर बाहेर काढूच नका.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापडाने पुसा. नवी पेस्ट मध्यभागी एकच थेंब, साबुदाण्यापेक्षा जरा मोठा, मटारापेक्षा लहान. मेंदीचा कोन धरणाऱ्या हाताला हे प्रमाण सांगावे लागत नाही! धातूचे दोन पृष्ठभाग गुळगुळीत दिसले तरी त्यांत बारीक फटी असतात. पेस्टने त्या भरायच्या, जाड थर द्यायचा नाही. पुण्याच्या आयसरमधल्या 'परम ब्रह्म' या महासंगणकात उष्णता वाहून नेण्यासाठी द्रव वापरतात, पण तिथेही आधी प्रोसेसरला घट्ट, सारखा स्पर्श हवाच. नव्या कूलरच्या तळाला प्लास्टिकचा पातळ कागद असेल तर तो आधी काढा. तो तसाच राहिल्याने पंखा फिरूनही मशीन तापते.

इंटेलच्या नेहमीच्या कूलरला चार पाय असतात. टोकावरचा बाण दाखवतो तिकडे फिरवले की पाय सुटतो, म्हणून बसवण्याआधी तो उलट फिरवून मूळ जागी आणा. डबा आडवा ठेवून समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोन पाय टक् आवाज होईपर्यंत एकदम दाबा, मग उरलेले दोन. स्क्रूचा कूलर असेल तर तिरप्या जोडीने, प्रत्येकाला थोडे-थोडे वळण देत जा. एक स्क्रू आधीच पूर्ण आवळला तर ठोकळा तिरका बसतो.

पंख्याची वायर मदरबोर्डवर 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या जागी लावा, नाहीतर सुरू करताच पंख्याचा दोष दाखवणारा संदेश येईल. डबा बंद करण्याआधी मशीन सुरू करून बायोसमध्ये तापमान पाहा. उन्हाळ्यात चाळीस ते साठ अंश असले तर ठीक. मिनिटभरात नव्वदीकडे धावू लागले तर लगेच बंद करा. बहुधा एखादा पाय अर्धवट बसलेला असतो.