तिऱ्हाईत

वाचकहो, दिवाळीच्या तोंडावर तुमच्याकडे पोस्तवाले येत असतील, आमच्याकडे विमावाले येतात. त्याला कारण मीच. 2012 च्या पाडव्याला, मुहूर्त चुकू नये म्हणून, मी डहाणूत बुलेट आणली. तेव्हापासून तिचा विमा नेमका दिवाळीच्या आगेमागे संपतो. विमावाले तसे गृहस्थ चांगले. दरवर्षी येतात, अंगणातल्या झाडाचे चार चिकू खातात, चहा घेतात, आणि जुनाच कागद नवी तारीख घालून देतात. मी तो न वाचता कपाटात ठेवतो. लग्नपत्रिकेखालोखाल न वाचता जपून ठेवलेला आमच्या घरातला तो एकमेव कागद.

यंदा मात्र मी तो वाचायला घेतला. विमावाल्यांचा चहा गरम होता आणि मला वेळ होता, एवढेच निमित्त.

रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाला आपल्या गाडीने इजा झाली तर त्याची भरपाई देणारा जो विमा, ज्याला सारे 'थर्ड पार्टी' म्हणतात, तो 1988 च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे. त्याचा दर सरकार ठरवते. तो ठरवताना चालवणारा कोण, कसा, त्याला चष्मा आहे की नाही, यांपैकी काही विचारत नाहीत. इंजिनाचे पोट किती सी.सी.चे, एवढेच विचारतात! 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरांत 75 सी.सी.पर्यंतच्या दुचाकीला वर्षाला 538 रुपये, 150 पर्यंत 714, 350 पर्यंत 1366, आणि त्यापुढे एकदम 2804. वर जीएसटी वेगळा. माझ्या बुलेटचे पोट 346 चे. म्हणजे चार सी.सी.नी मी वेशीच्या अलीकडे राहिलो आणि 1438 रुपये वाचले. हे कळल्यावर मला जो आनंद झाला तो, खरे सांगतो, गाडी घेतली त्या दिवशीही झाला नव्हता.

"आणि हा दर दादरला जो, तोच तलासरीला," विमावाले म्हणाले. "मात्र स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा घेतलात तर तिथे गाव आडवे येते." 2002 च्या दरपत्रकात दुचाकींसाठी देशाचे दोन भाग केलेले होते : मुंबई, पुणे, दिल्ली, कलकत्ता अशी मोठी शहरे पहिल्या भागात आणि उरलेला सगळा हिंदुस्थान दुसऱ्यात. 2007 पासून कंपन्यांना हे दर ठरवण्याची मोकळीक मिळाली, पण शहर-गाव हा भेद टिकून आहे. डहाणू दुसऱ्या भागात, म्हणजे स्वस्तात. मुंबईकर नातेवाईक आमच्या गावाला मागासलेले म्हणतात त्याचा मोबदला असा कुठेतरी मिळतो. गाडीचे वयही बघतात. पाच वर्षांपर्यंत तिची किंमत कोष्टकाप्रमाणे उतरत जाते. पुढे कोष्टक संपते आणि किंमत दोघांनी बोलून ठरवायची. खाऱ्या वाऱ्याने धरलेला गंज मात्र नुकसानीत धरत नाहीत. डहाणूच्या माणसाला हे कळले म्हणजे अर्धा उत्साह तिथेच मावळतो.

म्हणूनच काही वर्षांपूर्वी विमावाल्यांनी सल्ला दिला होता, "जुनी गाडी, कशाला पुरा विमा? नुसता थर्ड पार्टी घ्या." वर्षाचे सातएकशे रुपये वाचत होते. मी तो सल्ला विमावाल्यांपेक्षाही जास्त आनंदाने मानला.

स्वयंपाकघरात चकलीचा सोऱ्या चालू होता. तो थांबला आणि आमचे कुटुंब दारात येऊन उभे राहिले.

"अहो, मी कुठे आहे त्या कागदात?"

विमावाले हसले. मग कागदाकडे पाहून गप्प झाले.

तिच्या प्रश्नामागे श्रावणातली एक सकाळ होती. तिचे माहेर तलासरीचे. चारोटीपर्यंत जायचे, तिथे अहमदाबादचा हमरस्ता धरायचा, विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला गाडीवरूनच हात जोडायचे आणि गुजरातकडे निघालेल्या मालट्रकांच्या मधून तलासरी गाठायची, हा आमचा कित्येक वर्षांचा रस्ता. त्या दिवशी हात जोडून झाले आणि पुढच्याच चिखलात गाडी घसरली. माझा गुडघा खरचटला. तिचे मनगट मोडले. मागून येणारा ट्रक थांबला, हे त्या ट्रकवाल्याचे उपकार. दवाखान्याचा खर्च आम्ही घरातून केला, आणि विम्याचा विचारही मनात आला नाही. तिचा डावा हात अजून पुरता वळत नाही. यंदा सोऱ्याचा दांडा मी पिळत होतो तो त्यामुळेच, आणि विमावाले आल्याचे निमित्त करून मी तिथूनच सुटलो होतो.

"वहिनी," विमावाले म्हणाले, "या कागदात साहेबांना काही झाले तर पंधरा लाख आहेत. रस्त्यावरच्या माणसाला झाले तर कोर्ट ठरवील ते. मागे बसणारा मात्र..."

मागे बसणारा थर्ड पार्टी नाही! सर्वोच्च न्यायालयाने 2006 सालीच सांगितले आहे की, नुसती सक्तीची पॉलिसी असेल तर मागच्या सीटवरच्या माणसाची जबाबदारी कंपनीवर येत नाही. पुरा विमा घेतला असेल तर येते. नियामक मंडळाने 2009 च्या नोव्हेंबरात तसे परिपत्रकच काढून कंपन्यांना बजावले. म्हणजे ते सातशे रुपये मी गाडीच्या पत्र्यावर वाचवत नव्हतो.

"मग मी भरपाई मागायची कोणाकडे?" तिने विचारले.

"गाडीच्या मालकाकडे," विमावाले खालच्या आवाजात म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिले. वाचकहो, मालकाचे पैसे कोणत्या डब्यात असतात ते तिला मालकापेक्षा नीट ठाऊक आहे. पण ती हसली नाही. "इतकी वर्षे तुमच्या मागे बसते," ती म्हणाली, "आणि कागदाच्या हिशेबी मी घरची नाही आणि तिऱ्हाईतही नाही." एवढे बोलून ती आत गेली, आणि सोऱ्या पुन्हा चालू झाला तो एका हाताने.

मी विमावाल्यांना पुरा विमा लिहायला सांगितला. जुन्या गाडीचा पुरा विमा सुरू करायचा म्हणजे आधी गाडी दाखवावी लागते. कंपनीचा माणूस दुसऱ्या दिवशी आला, गंजाचे चारी बाजूंनी फोटो काढून गेला, आणि मगच कागद हाती पडला. या वेळी मी तो शेवटपर्यंत वाचला, तिला मोठ्याने वाचून दाखवला. वापराच्या मर्यादांपाशी दोघेही अडखळलो : ही गाडी भाड्याने द्यायची नाही, शर्यतीत पळवायची नाही, तिच्यावरून माल न्यायचा नाही, नमुने आणि खाजगी सामान तेवढे चालेल. या भागात दुचाकीमागे चिकूचे क्रेट बांधून नेणाऱ्यांपैकी कितीजणांनी ही ओळ वाचली असेल कोण जाणे.

भाऊबीजेला आम्ही तलासरीला निघालो. तिच्या भावासाठी चिकूचा खोका भरला होता, तो मी मागे बांधू लागलो.

"थांबा," ती म्हणाली. "हा माल की सामान?"

"भावाला देणार ना? मग सामान."

"आणि त्याने पैसे दिले तर?"

"तुझा भाऊ?" मी म्हणालो.

तेव्हा मात्र ती हसली, आणि खोका तिने मांडीवर घेतला.