पाळीच्या घरातली संध्याकाळ

कुंभवलीत सगळ्या घरांची संध्याकाळ एकाच वेळी होत नाही. पहिल्या पाळीचा माणूस कामावरून परततो तेव्हा दुसऱ्या पाळीचा डबा घेऊन निघालेला असतो आणि रात्रपाळीवाला अजून झोपेत असतो. भाड्याची खोली एकच. बाप झोपलाय म्हणून आवाज बंद केलेला मोबाइल पोराच्या हातात दिला जातो आणि ते भिंतीला टेकून तासभर गप्प बसते. तारापूर औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या गावात दुसरीतल्या मुलाची संध्याकाळ ठरवायची, तर सुरुवात या खोलीपासूनच करावी लागेल.

काटेकोर वेळापत्रक हवे म्हणणाऱ्यांचा मुद्दा झोपेचा आहे आणि तो खरा आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रोज 9 ते 12 तास झोप लागते. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 पूर्वी भरवू नयेत, असा आदेश राज्य सरकारने 8 फेब्रुवारी 2024 रोजी काढला, तोही झोपेसाठीच. पण शाळा उशिरा म्हणून मूल रात्री अकरापर्यंत जागले, तर पदरात काय पडले?

ट्यूशनचा प्रश्न जास्त अवघड. 2020 च्या केंद्रीय दप्तर धोरणाप्रमाणे दुसरीपर्यंत गृहपाठच नको आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. त्या हिशेबाने सात वर्षांच्या मुलाला शिकवणी लावणे अनावश्यक ठरते. पण आई कंपनीतून येईपर्यंत मुलावर नजर ठेवणारे ते एकच ठिकाण असते. आईबाप परप्रांतातून आलेले असले, तर मराठी पुस्तक समजावून देणारेही तिथेच भेटते. या पालकांना हौशी म्हणणे अन्यायाचे आहे.

मग मुलांना मोकळे खेळू द्या म्हणावे, तर हवेचे काय? 2018 च्या केंद्रीय प्रदूषण निर्देशांकात देशातल्या औद्योगिक पट्ट्यांत तारापूर पहिले होते. ज्या संध्याकाळी रसायनाचा वास नाकात बसतो, त्या दिवशी मुलाला घरात ठेवणाऱ्या आईचे चुकत नाही. मात्र एरवी कोंडून ठेवलेले मूल ना दमते, ना वेळेवर झोपते.

आमच्या मते घरात दोनच वेळा पक्क्या असाव्यात, रात्रीच्या जेवणाची आणि झोपेची. आजी, बाप, मोठी बहीण, जे कोणी घरी असेल त्याने त्या पाळाव्यात. जेवायला बसल्यापासून मोबाइल बंद. बाकीची संध्याकाळ पाळीप्रमाणे मागेपुढे झाली तरी चालेल.

खेळाची सोय मात्र एकेका घराच्या आवाक्यातली नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे याच जिल्ह्यातल्या कोसबाडला गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच कुरणात नेली. इथे तर मुलांमागे रानात जावे लागणार नाही. शाळेचे पटांगण अंधार पडेपर्यंत उघडे हवे आणि लक्ष द्यायला मानधनावर एक ताई हवी. कंपन्यांच्या सामाजिक निधीतून हा खर्च सहज भागेल. ग्रामपंचायतीने येत्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा आणि सभेची वेळ पाळ्या बघून ठरवावी.