पदवीला दुसरे मत कशासाठी?

अडाण्यांच्या मतांनी लोकशाहीचा खेळखंडोबा केला, शिकलेल्यांच्या मताला जास्त वजन हवे, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांचा पूर्वपक्ष जॉन स्टुअर्ट मिलने १८६१ सालीच समर्थपणे मांडला आहे. लिहिता-वाचता आणि हिशेब येईल त्यालाच मत द्यावे. शिवाय मजुराहून मुकादमाला आणि पदवीधराला अधिक मते द्यावीत. हाच मिल १८६७ साली स्त्रियांच्या मताधिकारासाठी पार्लमेंटात उभा राहिला, म्हणून त्याच्या हेतूवर शंका घेता येत नाही. पण पस्तीस वर्षे कंपनी सरकारची नोकरी केलेल्या या उदारमतवाद्याला हिंदी माणूस स्वराज्याला पात्र वाटत नव्हता. पात्रतेची फूटपट्टी एकदा हातात घेतली की ती कुठे थांबवायची, हे फूटपट्टीवालाच ठरवतो.

आपल्याकडे ती फूटपट्टी अजून आहे. महाराष्ट्र विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ पदवीधरांच्या. माझी आई चौथी शिकलेली. त्या निवडणुकीला मी केंद्रावर जातो, ती घरी राहते. कोणत्या महिन्यात रेशनचे गहू आले नाहीत, नळ किती वाजता येतो, हे तिला तोंडपाठ. मला तिलाच विचारावे लागते. तरी दुसरे मत मला. तिथे जांभळ्या पेनाने पसंतीचा १ लिहायचा असतो, आणि त्यातही पदवीधरांची हजारो मते बाद होतात.

गरीब मत विकतो म्हणतात. विकत घेणारे काय निरक्षर असतात?

आणि निरक्षर राहिले कोणामुळे? ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या शाळेच्या पायरीलाही शिवू दिले नाही, त्यांना निरक्षर म्हणून मतही नाकारणे ही दुहेरी शिक्षा आहे. १९२८ साली सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागताना बाबासाहेबांनी बजावले होते की निरक्षर माणूसही बुद्धिमान असतो आणि आपल्याला काय हवे हे ज्याचे त्याला कळते. १९५१-५२ साली सतरा कोटींवर मतदार होते, बहुतेक निरक्षर. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर चिन्ह. ते पाहून त्यांनी मत टाकले आणि देशाचे सरकार बनवले. मत म्हणजे ज्ञानाची परीक्षा नव्हे. कायद्याचा भार ज्याच्या डोक्यावर पडतो, त्याचा तो कायद्यातला वाटा आहे.

ब्रिटनने पार्लमेंटातल्या, पदवीधरांनी निवडायच्या विद्यापीठांच्या जागा १९४८ च्या कायद्याने रद्द केल्या. आपल्या संविधानाच्या कलम १७१ मधली ही तरतूदही जायला हवी, आणि ती मागणी आपण पदवीधरांनीच केली पाहिजे.