कपाटातील अमानत

विकृतिशास्त्राच्या कोणत्याही जुन्या विभागात पाऊल ठेवले की फॉर्मॅलिनचा उग्र वास आणि भिंतीलगतची कपाटांची रांग या दोन गोष्टी प्रथम जाणवतात. आणि त्या कपाटांच्या खणांतून वर्षवार व क्रमवार लावून ठेवलेले मेणाचे ते लहान ठोकळे, ज्यांस आपण सारे नुसते ‘ब्लॉक’ म्हणतो, पाहुण्यास कितीही निर्जीव भासले, तरी त्यांतील प्रत्येकात कोणा एका स्त्रीच्या वा पुरुषाच्या देहाचा अंश जपलेला आहे, ही गोष्ट रोज त्यांची हाताळणी करणाऱ्या आपणांस मात्र हळूहळू विसरावयास होते. रुग्ण अहवाल घेऊन आपल्या गावी परततो आणि त्याचा ठोकळा आपल्या दप्तरी जमा होतो. तो कोणत्या नात्याने जमा होतो, आपण तो मालक म्हणून ठेवतो की कोणाची ठेव म्हणून सांभाळतो, हा प्रश्न पूर्वी फारसा निकडीचा नव्हता, कारण निदान एकदा झाल्यावर त्या ठोकळ्यास विशेष मोल उरत नसे. परंतु आज वीस वर्षांपूर्वीच्या ठोकळ्यातूनही जनुके वाचता येतात, आणि ज्या वस्तूस मोल आले तिच्या हक्काचा विचार टाळता येत नाही.

हा प्रश्न ज्या घटनेने जगापुढे आणला तिचे स्मरण मराठी वाचकांस एका विशेष कारणाने व्हावे. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली डॉक्टरेट मिळविली, आणि पुढे रॉकफेलर प्रतिष्ठानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत पेशी शरीराबाहेर जोपासण्याचे तंत्र आत्मसात केले. मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी नंतर ऊतिसंवर्धनाची जी प्रयोगशाळा उभारली ती भारतातील पहिली होय. म्हणजे आपल्याकडील या विद्येचे मूळ थेट त्या प्रयोगशाळेपर्यंत जाते जिच्यात १९५१ च्या फेब्रुवारीत हेन्रिएटा लॅक्स नावाच्या एका गरीब कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीचा तुकडा येऊन पोहोचला. पाच मुलांची ती आई गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी रुग्णालयात आली होती. रेडियमच्या पहिल्या उपचाराच्या वेळी शल्यवैद्याने तो तुकडा काढला, आणि संशोधनासाठी तो घेत आहोत असे तिला कोणी सांगितले नाही. गे यांनी तोवर जोपासू पाहिलेल्या मानवी पेशी थोड्याच दिवसांत मरून जात. या पेशी मात्र दर चोवीस तासांच्या आसपास दुप्पट होत राहिल्या. हेन्रिएटा त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षी वारली. तिच्या नावा-आडनावाच्या आद्याक्षरांवरून ‘हेला’ असे नाव पडलेल्या तिच्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांतून वाढत आहेत. साल्क यांच्या पोलिओ लशीची १९५४ मधील मोठी चाचणी ज्या रक्तपरीक्षांवर अवलंबून होती, त्यांसाठी याच पेशी टस्कीगी येथे मोठ्या प्रमाणावर वाढविण्यात आल्या होत्या.

गे यांच्याविषयी न्यायाने बोलावयाचे तर त्यांनी या पेशी मागेल त्या संशोधकास दिल्या, त्यांचा व्यापार केला नाही. आणि उपचाराच्या ओघात निघालेल्या ऊतीचा विचारल्यावाचून उपयोग करणे ही तेव्हाची सार्वत्रिक रूढी होती. म्हणून १९५१ सालच्या त्या एका कृतीवरच सारा दोष ठेवणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. आमच्या मते खरा अपराध पुढील काळातला आहे. पेशी जगभर गेल्या, त्यांवर उद्योग उभे राहिले, जिच्या त्या पेशी तिचे नाव छापील मजकुरात ‘हेलन लेन’ असे चुकीचे फिरत राहिले, आणि बाल्टिमोरमध्येच राहणाऱ्या तिच्या मुलांना मात्र १९७३ पर्यंत याची वार्ताही नव्हती. त्या सुमारास संशोधक पुन्हा त्यांच्या दारी आले तेही त्यांचे रक्त घेण्यासाठीच. आणि घरच्यांची समजूत अशी झाली की आईस झालेला रोग आपणांस आहे की काय याची ही तपासणी चालली आहे. रक्त काढणाऱ्याच्या मनात एक हेतू आणि हात पुढे करणाऱ्याच्या मनात दुसरा, अशा स्थितीत घेतलेला नमुना कागदोपत्री कितीही निर्दोष असला तरी तो संमतीने घेतला असे म्हणता येत नाही. २०१३ साली जर्मनीतील एका संस्थेने हेला पेशींचा संपूर्ण जनुकसंच कुटुंबास न विचारता प्रसिद्ध केला आणि त्यातून हयात वंशजांची आनुवंशिक माहिती उघड होण्याचा प्रसंग आला, तेव्हा कोठे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने कुटुंबाशी करार करून त्या माहितीच्या वापरास परवानगी देणाऱ्या समितीत त्यांच्या प्रतिनिधींना स्थान दिले. या पेशींवर व्यवसाय करणाऱ्या एका बड्या कंपनीशी कुटुंबाची तडजोड झाली ती २०२३ साली, हेन्रिएटाच्या मृत्यूनंतर ७२ वर्षांनी.

यावरून कोणी असा ग्रह करून घेऊ नये की नमुन्यांवरील संशोधनास आमचा विरोध आहे. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन व्यक्तींच्या रक्तात एक विलक्षण गोष्ट पाहिली. ते रक्त ‘ओ’ गटाचे दिसे, पण ‘ओ’ गटाच्या रक्ताशीही जुळेना, कारण त्या गटातील पेशींवर असणारा ‘एच’ हा घटकच त्यात नव्हता आणि त्याविरुद्धची प्रतिद्रव्ये मात्र होती. आज ‘बॉम्बे रक्तगट’ या नावाने जगाला ठाऊक असलेला हा शोध त्या तीन नमुन्यांकडे कोणी बारकाईने पाहिले म्हणून लागला. आणि केवळ पेशींवरून गट ठरवून थांबू नये, रक्तद्रवाचीही उलट परीक्षा करावी, या आपल्या नित्याच्या शिस्तीमुळे असा रुग्ण वेळीच ओळखला जाऊन आज वाचतो. खानोलकर, रणदिवे आणि बापट यांनी १९५८ साली कुष्ठरुग्णांच्या ऊतींतून जो जंतू वाढविला त्यापासून पुढे कुष्ठरोगाविरुद्ध लस तयार करण्याचा प्रयत्न मुंबईतच झाला. समाजाने ज्यांस दूर लोटले त्यांच्याच देहांनी समाजास हे ज्ञान दिले. नमुना देणे हे दान आहे, आणि ते फार मोठे दान आहे. परंतु दान ठरावयाचे तर देणाऱ्यास आपण काही देत आहोत हे माहीत असावे लागते.

मालकीचा कायदा निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळे बोलतो. कॅलिफोर्नियात जॉन मूर नावाच्या रक्तकर्करोगाच्या रुग्णाची प्लीहा १९७६ साली काढली गेली, तिच्यातील पेशींवर त्याच्या डॉक्टरांनी व विद्यापीठाने पुढे पेटंट मिळविले, आणि १९९० साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की देहातून काढलेल्या पेशींवर मूर यास मालकी सांगता येणार नाही. मात्र आपला आर्थिक हितसंबंध रुग्णापासून लपविणे हा डॉक्टरांचा कर्तव्यभंग होय. आपल्याकडील भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ सालची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे याहून पुढे जातात. नमुना व त्याची माहिती देणाऱ्याच्या मालकीची असून तो ती परत मागू शकतो, आणि नमुने सांभाळणारी संस्था ही केवळ विश्वस्त होय, अशी त्यांची भूमिका आहे. आपल्या जुन्या दप्तरी भाषेत यास ‘अमानत’ असा नेमका शब्द आहे. अमानत सांभाळणाऱ्याने वस्तू वापरू नये असे नाही. धन्याच्या परवानगीने वापरावी, तिचा हिशेब ठेवावा आणि मागेल त्या वेळी तो द्यावा, एवढाच त्याचा अर्थ.

हे तत्त्व कागदावर मान्य असूनही व्यवहारात काय होते ते आपण सारे जाणतो. शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रात, भूल व रक्त देण्याच्या मजकुरानंतर, काढलेला भाग संशोधनासाठी वापरण्यास हरकत नसल्याचे एक वाक्य बारीक अक्षरात येते. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री सिस्टर केसपेपर पुढे करून खुणेच्या जागी सही घेते. आणि त्या एका सहीने रुग्णाने जणू आपल्या देहाचे कुलमुखत्यारपत्र लिहून दिले, असे पुढे कायमचे धरले जाते. ज्यास उद्या टेबलावर जावयाचे आहे, ज्याचे चित्त भयाने व्यापले आहे, तो या वाक्यास नकार देईल अशी कल्पना तरी करता येईल काय? नकार दिल्यास उपचारात उणे पडेल ही भीती त्याच्या मनात असतेच, मग ती आपण घातलेली असो वा नसो. उपचाराची संमती आणि संशोधनाची संमती यांसाठी दोन कागद, दोन वेळा आणि शक्य तर दोन निरनिराळी माणसे असावीत, हे आमचे स्पष्ट मत आहे.

याहून अवघड एक प्रसंग आहे, ज्याविषयी परदेशी ग्रंथांत फारसे वाचावयास मिळत नाही. ‘आईला काही सांगू नका, डॉक्टर,’ असे मुलाने दाराबाहेर हात जोडून सांगितलेले असते. आईस गाठ आहे एवढेच ठाऊक, ती कसली हे ठाऊक नाही. आणि तिच्या ऊतीवर कर्करोगाचे संशोधन करण्याची अनुमती देणाऱ्या कागदावर मुलगा सही करतो. मुलाच्या मायेविषयी आम्हांस शंका नाही, पण देह आईचा आहे. ज्या रुग्णास आपला रोग माहीत नाही, त्याच्याकडून त्या रोगावरील संशोधनाची संमती घेताच येत नाही. अशा वेळी थांबावे, पुढे ती सत्य जाणू इच्छील तेव्हा तिला विचारावे, आणि तशी वेळ आलीच नाही तर तो नमुना सोडून द्यावा. संशोधनाची त्यात काही हानी झाली तर ती सोसावी. अंगठा करणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत तटस्थ साक्षीदार हजर असावा असा नियम आहे. तो साक्षीदार विभागातलाच शिपाई वा विद्यार्थी असेल तर त्यास तटस्थ म्हणणे योग्य नव्हे.

निदानानंतर उरलेल्या व ओळख पुसलेल्या नमुन्यांसाठी नैतिकता समिती संमतीची अट शिथिल करू शकते, आणि ही सवलत आवश्यकही आहे, नाही तर जुन्या कपाटांतील ज्ञान बंदच राहील. मात्र चिठ्ठीवरचे नाव खोडले म्हणजे ओळख पुसली ही समजूत, जनुकसंच वाचता येऊ लागल्यापासून, पूर्वीइतकी भक्कम राहिलेली नाही. समित्यांनी ही सवलत देताना त्या नमुन्याचे नेमके काय वाचले जाणार आहे हे विचारले पाहिजे.

उरलेला नमुना या शब्दातही एक धोका आहे. आमच्या उमेदीच्या काळात एका रुग्णालयात घडलेली गोष्ट आम्ही विसरू शकत नाही. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेली एक शेतकरी स्त्री दोन वर्षांनी रोग उलटल्यामुळे मुंबईच्या दुसऱ्या रुग्णालयात गेली, तेथील डॉक्टरांनी रिवाजाप्रमाणे ‘ब्लॉक आणि स्लाइड घेऊन या’ म्हणून तिला परत पाठविले, आणि एस. टी.ने रात्रभर प्रवास करून ती आमच्या खिडकीशी येऊन उभी राहिली. ठोकळा काढून पाहिला तेव्हा त्यात मेणाखेरीज काही शिल्लक नव्हते. एका शोधप्रबंधासाठी त्याचे काप घेता घेता सारी ऊती संपून गेली होती. ग्राहींची जी परीक्षा त्या ठोकळ्यावर सहज झाली असती तिच्यासाठी तिला पुन्हा सुई टोचून घ्यावी लागली. तिने कोणास दोष दिला नाही, कारण काय झाले ते तिला कोणी सांगितलेच नाही. आम्हीही सांगितले नाही, आणि त्याची खंत आजवर आहे. जोवर रुग्ण हयात आहे तोवर त्याच्या ठोकळ्यातील ऊती प्रथम त्याच्या उपचारासाठी राखून ठेवली पाहिजे, आणि संशोधनासाठी काप देताना किती उरले याची नोंद वहीत झालीच पाहिजे.

नमुना जेव्हा एका माणसाचा नसून साऱ्या जमातीचा असतो तेव्हा ही जबाबदारी वाढते. अमेरिकेत ॲरिझोनातील हवासुपाई जमातीने १९९० च्या सुमारास मधुमेहाच्या अभ्यासासाठी दिलेले रक्त पुढे मनोविकार व जमातीचे मूळ यांच्या अभ्यासास वापरले गेले. ते उघड झाल्यावर दीर्घ वादानंतर २०१० साली विद्यापीठास सात लक्ष डॉलर भरपाई द्यावी लागली आणि रक्ताचे नमुने जमातीस परत करावे लागले. नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत आदिवासी पाड्यांवर सिकलसेलच्या तपासणीसाठी आज जे रक्त घेतले जाते, ते त्याच कामासाठी घेतले जाते असा देणाऱ्याचा विश्वास आहे. त्या नळीतून उद्या आणखी काही शोधावयाचे असेल, तर भिल्ल, पावरा वा माडिया कुटुंबास त्याच्या बोलीत ते सांगून पुन्हा विचारले पाहिजे. आणि प्रथम घेतलेल्या रक्ताचा अहवाल त्याच्या हाती पोहोचला की नाही, हे त्याआधी पाहिले पाहिजे.

वाचकांस आमची एक विनंती आहे. आपल्या संस्थेत नमुन्यांसाठी वापरले जाणारे मराठी संमतीपत्र प्रत्येकाने एकदा काढून, रुग्णालयाबाहेरच्या एखाद्या अल्पशिक्षित व्यक्तीस ते सावकाश वाचून दाखवावे, तीस काय समजले ते तिच्याच शब्दांत लिहून घ्यावे, आणि मूळ संमतीपत्रासह ते आमच्याकडे पाठवावे. संस्थेचे नाव गाळून त्यांपैकी निवडक मजकूर आम्ही पुढील अंकांतून छापू.